गो म्हणजे मी

आमच्या घरात माझं नाव कोणी घेत नाही. म्हणजे नाव आहे, चांगलं आहे, लग्नात ताटातल्या तांदळांवर ह्यांनी अंगठीने लिहिलं होतं तेच आहे. पण लिहिलं ते लिहिलं, तोंडाने कधी उच्चारलं नाही. ते नाव बँकेत चालतं, दवाखान्यात चालतं, रेशनकार्डावर चालतं. घरात मी गो. "गो, चाय टाक." "गो, माझा चष्मा बघितलास काय?" मागल्या दारी असले तर "अगोऽऽ!" आणि तो गो लांबत लांबत थेट भाट्याच्या पुलापर्यंत जावा असा. ह्यांनी उभा जन्म जयगडला बंदरात मुकादमी केली. क्रेनच्या वर आवाज चढवायची सवय, ती निवृत्तीचा हार गळ्यात पडला म्हणून थोडीच सुटते? गडग्यापलीकडची, म्हणजे दगडी चिऱ्यांच्या बुटक्या कुंपणापलीकडची शेजारीण मला म्हणायची, "तुझ्या घरातल्या हाकांवर आमच्याकडे कुकर लागतो गो."

ह्या हाकेचं मला काही कौतुक नव्हतं. कटकटच वाटायची. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी ह्याच हाकेपायी रडले आणि लोकांना वाटलं, बाई पहिल्यापासून हळवी असेल. हळवी कसली! मी शिकवायची त्या शाळेत पोरं माझं नाव काढलं तरी चळाचळा कापायची.

तर माझा गुडघा गेला. डॉक्टरांनी सांगितलं, वाकायचं नाही, केर काढायचा नाही, लादी पुसायची नाही. सांगायला त्यांचं काय जातं? आमच्या पुढच्या दारी आंबा, मागल्या दारी माड, आणि वारा सुटला की तांबडी माती घरभर. सकाळी झाडलेल्या लादीवर दुपारी पावलं उमटतात. कामाला बाई मिळेना. ह्यांनी दोन दिवस केरसुणी हातात घेतली आणि केर एका खोलीतून उचलून दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवला. तिसऱ्या दिवशी मी केरसुणी काढून घेतली, तेवढ्यात पुण्याहून लेकीचा फोन आला आणि नेमकं ह्यांनी तिला सांगितलं. मग काय, मला जी बोलणी बसली!

नाताळच्या सुटीत लेक-जावई आले ते एक खोकं घेऊनच. खोक्यात भाकरीच्या तव्याएवढी काळी चकती. आपली आपण घरभर फिरते, केर गिळते, पाणी भरलं तर लादीही पुसते, आणि दमली की भिंतीशी ठेवलेल्या तिच्या पाटावर जाऊन वीज पीत बसते. सगळं इंटरनेटवर. किती झाडलं, कुठे झाडलं, ह्याचा निरोप पुण्याला लेकीच्या मोबाइलवर. तिला चालू करायचं ते तोंडाने, पण तिचं मूळचं वाक्य भलतंच लांबलचक इंग्रजी होतं. मी म्हटलं, तिला कळलं नाही. हे म्हणाले, तर ते आम्हालाच कळलं नाही.

"टेन्शन घेऊ नका आई," जावई म्हणाला. "सोपा शब्द घालतो. नुसतं 'गो' म्हणायचं. जास्त कचरा असला तर दोनदा म्हणा, जोर वाढतो. लईच असला तर तीनदा. बंद करायला 'स्टॉप'."

लेक तेव्हा मैत्रिणीकडे गेली होती. घरात असती तर तिने कपाळावर हात मारून घेतला असता. जावई पडला कोल्हापूरकडचा. त्याच्याकडे सगळं 'गं'वर चालतं. गो म्हणजे त्याच्या लेखी इंग्रजी, जा. सासरे सासूला हाक मारतात ती इतकी वर्षं त्याच्या कानावरून गेली, कानात शिरली नाही. आणि त्याला तरी काय बोलणार? आम्ही दोघांनी शहाण्यासारख्या माना डोलावल्याच की. गो हा शब्द आहे हेच मुळी आमच्या ध्यानात नव्हतं. श्वास घेतो तसा तो तोंडातून जातो.

दुसऱ्या दिवशी त्यांची गाडी वळणावर दिसेनाशी झाली आणि हे फाटकातून मागे फिरत म्हणाले, "चल गो आत, ऊन लागेल." आतून टुणटुण असा आवाज आला आणि चकती घरघरत आमच्या स्वागताला उंबऱ्यापाशी आली.

"हिला कोणी बोलावलं गो?" ह्यांनी विचारलं. तिचा जोर वाढला.

"मी नाही हो."

"मग का आली गो ही?" आता तर मासेमारीच्या मचव्याचं इंजिन लागल्यासारखा आवाज. आमची मांजर कपाटावर चढली ती संध्याकाळपर्यंत उतरली नाही.

त्या दिवसापासून आमच्या घराचं नाटक झालं. मासेवाली दारात पाटी उतरवून म्हणायची, "बांगडं ताजं हायत गो," की ही निघाली. शेजारीण गडग्यावरून म्हणायची, "काय गो, झाली का आमटी?" की ही निघाली. टीव्हीवर मुंबई-गोवा महामार्गाची बातमी लागली की महामार्ग होता तिथेच राहायचा, ही मात्र निघायची. ह्यांनी मला रक्तदाबाची गोळी मागितली तरी हिला वाटायचं आपल्यालाच सांगतायत. मी तिला सवत म्हणायला लागले. दुसरं काय म्हणू? हाक मला आणि ओ देते ही!

आणि थांबायचं नाव नाही. हे म्हणायचे "ष्टाप", मी म्हणायची "स्टाप", दोन्ही तिला पसंत नाहीत. बटण होतं, पण ते तिच्या पाठीवर. म्हणजे वाकू नये म्हणून आणलेल्या यंत्राला बंद करायला वाकायचं, तेही पळत्या यंत्रावर. हे छत्री घेऊन तिच्या मागे धावायचे आणि छत्रीच्या टोकाने बटण दाबायचे. नेम चुकला तर पुण्याला फोन करायचा. लेक मीटिंगमधून उठायची आणि तिथून मोबाइलवर बोट दाबून रत्नागिरीतला केर थांबवायची. "आई, सकाळपासून किती वेळा झाडतेस? लादी झिजेल अशानं!"

"मी नाही झाडत, तुझे बाबा मला हाका मारतायत," मी म्हटलं. तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. आधी ती पोट धरधरून हसली. मग म्हणाली, शब्द बदलूया. मग तिच्या लक्षात आलं की तो बदलायचा तर ओटीपी जावयाच्या नंबरावर येणार, आणि जावई कंपनीच्या कामाला परदेशी गेलेला, इथला नंबर बंद करून. तो येणार मे महिन्यात.

"मग तोवर बंद ठेवते," मी म्हटलं.

"अजिबात नाही. बंद ठेवलंस की मला इथे कळतं, आणि मग तू केरसुणी घेणार. मी ओळखते तुला."

वायफायच बंद करून बघितलं. पाच मिनिटांत फोन. फाटकावरचा कॅमेरा दिसत नाही, काय झालं, सगळं बरं आहे ना? लेकीची माया अशी की तिच्यातून निसटायला फट म्हणून नाही.

मग मी कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. पलीकडचा मुलगा हिंदीत बोलणारा, फार गोड. मी माझ्या हिंदीत सगळी हकीकत सांगितली.

"मॅडम, आप 'गो' मत बोलिए," तो म्हणाला.

"मैं नहीं बोलती. मेरे मिस्टर बोलते हैं."

"किसको बोलते हैं?"

"मेरे को."

"आपको कहाँ जाने को बोलते हैं, मॅडम?"

"कहीं नहीं! अरे बाबा, गो म्हणजे मी. मैं ही गो हूँ!"

 बिचारा घाबरला असावा. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, तो आप अपना नाम चेंज कर सकते हैं क्या?"

मी फोन आपटला. हे खुर्चीत बसून हसत होते, त्यांच्याकडे बघून मी आणखी भडकले.

पण ह्यांचंही हसू मावळलं ते संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. मी त्या दिवशी चकती पाठीवर उलटी करून पलंगाखाली सरकवली होती. बायका जमल्या. "ये गो, बस गो, किती दिवसांनी गो, साडी नवी काय गो?" रत्नागिरीतल्या वीस-पंचवीस बायका एका खोलीत! त्या सगळ्या मिळून एका मिनिटात जेवढ्या वेळा गो म्हणतात तेवढ्या वेळा जगात कुठल्याच यंत्राने ते ऐकलं नसेल. पलंगाखालून आधी खरखर, मग धडधड, आणि कशी काय वळली कोण जाणे, सुलटी होऊन ती सगळ्या जोरानिशी बाहेर आली. दारातली रांगोळी तिने एका फेरीत पुसली. तिळगुळाची ताटली उलथली, तो तिळगूळ खाल्ला. वाणाला आणलेले प्लॅस्टिकचे डबे घरभर ढकलले. एका वयस्कर बाईंच्या पदराचं टोक तिने गिळायला घेतलं तशा त्या ओरडल्या, "अगो, धरा गो हिला, खाल्लं गो मला!" आणि जितक्या ओरडतायत तितका तिचा जोर. बाकीच्या बायका हसून हसून भिंतीला टेकल्या. हे छत्री घेऊन आत आले ते बायकांच्या घोळक्यात अडकले. शेवटी कोणीतरी तिच्यावर पाट उपडा घातला आणि मी त्यावर बसले. उरलेलं हळदीकुंकू मी त्या थरथरत्या पाटावर बसून केलं.

सगळ्या गेल्यावर हे तांबडे होऊन म्हणाले, "पुरे झालं. यंत्र तुझ्या गुडघ्यासाठी आहे, ते राहणार. मी तोंड आवरतो."

"आवरा. शांतता तरी मिळेल जिवाला," मी म्हटलं. बोलून गेले खरी.

माणूस हट्टी. म्हणाले ते केलं. पहिले काही दिवस मजेचे गेले. मला बोलवायचं तर हे चमच्याने पेला वाजवायचे. मी म्हटलं, मी काय कोंबडी आहे? मग टाळ्या वाजवायला लागले. मग "शुक शुक". त्यावर मी असं बघितलं की ते पुन्हा नाही केलं. "अहो" म्हणून बघितलं, तर मीच हसत सुटले. शेवटी एका दुपारी स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहिले, घसा खाकरला, आणि त्यांनी माझं नाव घेतलं. आख्खं, रेशनकार्डावरचं. मी चपापले. बँकेत नंबर पुकारतात तेव्हा होतं तसं झालं. हातातली पळी ठेवून मी पदर सारखा केला आणि म्हटलं, "काय काम होतं?"

ह्यांना पण कसंतरी झालं. "काही नाही. पाणी हवं होतं. घेतो मी," म्हणाले आणि गेले.

त्यानंतर हे कामापुरती हाक मारायला लागले, आणि मग कामापुरतीही नाही. चष्मा सापडला नाही तर आपले शोधत बसायचे. दारी बुलबुलाने घरटं बांधलं तर एकटेच बघायचे. पूर्वी ह्यांना ढगात काही दिसलं तरी "अगो, हे बघ बघ" करून मला हातातलं टाकून पळवायचे. आता घर शांत. लादी आरशासारखी. शेजारीण एकदा विचारून गेली, "भांडलात काय?" आम्ही भांडलोही नव्हतो, हेच तर दुःख. भांडायलासुद्धा सुरुवात कुठून करायची? आमचं प्रत्येक भांडण 'हे बघ गो'ने सुरू व्हायचं.

एकच सुख होतं. वारा सुटला की कधीतरी झावळी पडून नेटची वायर तुटायची आणि चकती बहिरी व्हायची. पेटीवरचा दिवा लाल झाला की हे लहान मुलासारखे विचारायचे, "गेलं काय नेट?" मी मान हलवली की बांध फुटायचा. "गो, ऐक, परवा काय झालं गो," असे साठलेले सगळे गो एका दमात. जोडणारा माणूस वायर घेऊन दारात आला की आम्ही दोघं त्याच्याकडे तो जप्तीला आल्यासारखं बघायचो. एकदा तो वायर जोडून गेला, दिवा हिरवा झाला, आणि हे बोलता बोलता अर्ध्या वाक्यात थांबले. त्या दिवशी मी मोरीत जाऊन रडले. राग आला होता मला, नक्की कोणाचा ते कळत नव्हतं. मला ती हाक हवी होती. तीच, कानठळ्या बसवणारी, कामातून उठवणारी.

एप्रिलमध्ये आंबे तयार झाले. एका सकाळी हे पुढच्या दारी घळ घेऊन गेले. घळ म्हणजे टोकाला जाळी बांधलेला लांब बांबू, त्याने आंबा देठासकट उतरवतात. मी स्वयंपाकघरात. कुकर लावलेला, मी वाटणाला खोबरं खवत होते. बाहेर कुठेतरी कोणी बाईमाणसाला नावाने हाक मारत होतं. एकदा, दोनदा, आणखी एकदा. माझ्या मनात आलं, कोणाकडे पाहुणे आले एवढ्या सकाळी? आणि मी मिक्सर चालू केला.

मिक्सर घरघरत असताना पायाला काहीतरी थडकलं. बघते तर सवत! उंबरा नसलेल्या मधल्या दारातून आत येऊन, पूर्ण जोरात, माझ्या टाचेवर डोकं आपटतेय. थोडी मागे जाते, पुन्हा आपटते. मी मिक्सर बंद केला. "आता कोण मेलं गो म्हणालं?" मी ओरडले.

आणि मग मी हिशेब केला. मासेवाली येऊन गेलेली. शेजारीण गावाला. टीव्ही बंद. तीनदा म्हटल्याशिवाय ही एवढी धावत नाही. आणि घरात ते म्हणणारं माणूस एकच, ज्याने तो शब्द संक्रांतीपासून तोंडात धरून ठेवला होता.

गुडघा कुठला आणि काय कुठलं, मी धावले. हे गडग्याच्या पायथ्याशी बसले होते, तोंड पांढरंफटक. गडग्यावर चढले होते, वरचा चिरा निसटला आणि पाय त्याच्याखाली अडकला. आजूबाजूला आंबे पसरलेले. मला बघून एवढ्या वेदनेतही चिडले.

"किती हाका मारल्या! ऐकू येत नाही?"

"ऐकल्या," मी म्हटलं. "ऐकल्या हो. मला वाटलं दुसऱ्या कोणाला बोलावतायत."

ह्यांनी पाय ओढून बघितला, निघेना. मग म्हणाले, "मग म्हटलं, तू येत नाहीस तर तुझी सवत तरी येईल. म्हणून बोंब मारली."

मी हसत होते की रडत होते ते मला सांगता यायचं नाही. दोघांनी मिळून चिरा बाजूला केला. घोटा सुजला होता, पण हाड शाबूत निघालं. आत फोन वाजत होता. लेक विचारत होती, आज एवढ्या जोरात केर का चाललाय? मी म्हटलं, "चालू दे."

मे महिन्यात जावई आला. सगळी हकीकत ऐकून आमरसाची वाटी खाली ठेवून त्याने कान धरले. मग मोबाइल काढला. "आई, आत्ता बदलतो. फक्त असा शब्द सांगा, जो ह्या घरात कोणीच कधी बोलत नाही."

सगळे विचार करायला लागले. लेक म्हणाली, 'हॅलो' नको, 'चल' तर नकोच. हे म्हणाले, "एखाद्या बोटीचं नाव ठेव."

"माझं नाव घाल," मी म्हटलं.

"आई, काहीतरीच काय!" लेक म्हणाली.

"काहीतरीच काय त्यात? घरात बोलत नाही असा शब्द हवाय ना? तो एकच आहे."

हे माझ्याकडे बघत होते. मी त्यांच्याकडे बघितलं नाही, जावयाला आणखी रस वाढला. त्याने नाव घातलं.

आता रोज सकाळी हे पायाला पट्टी बांधून मधल्या दारात येतात, घसा खाकरतात आणि माझं नाव घेतात. उखाण्याला उभ्या राहिलेल्या नवरीसारखे अजून लाजतात. सवत उठते आणि मुकाट कामाला लागते. मग हे स्वयंपाकघराकडे तोंड करतात आणि आवाज पार क्रेनच्या वर चढवतात, "अगोऽऽ, चाय झाला काय?"

चहा झालेला असतो. तरी मी पहिल्या हाकेला ओ देत नाही. दुसरी येऊ देते.